बघणाऱ्याची जागा

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठ ओळींची आहे. त्या आठ ओळींत ‘मी’ येत नाही. ‘जणू’ येत नाही, ‘जसा’ही येत नाही. बेटाबेटांतून वाहणारा निळासावळा झरा, पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव, त्याच्यापुढची शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट, ती ज्याच्याकडे निघाली आहे तो काळा डोह, आणि त्या डोहाच्या पाण्यात पाय टाकून बसलेलं एक झाड. एवढंच. ही कविता मला लहानपणापासून पाठ आहे. अलीकडे ती मनात म्हणताना एकाच गोष्टीपाशी थांबायला होतं : हे सगळं बघणारा माणूस नेमका कुठे उभा आहे?

गाव ‘पैल’ आहे, म्हणजे तो ऐलतीरावर असणार. गाव, मळे, वाट, कुरण सगळं एका नजरेत मावतं, म्हणजे जरा उंचावर असणार. पण शेवटच्या ओळीत झाडाचे पाण्यातले पाय दिसतात, ते उंचावरून दिसायचे नाहीत. मधल्या दोन ओळींत नजर त्या पांढऱ्या पायवाटेला लागते आणि तिच्याबरोबर चालत चालत डोहापाशी उतरते. कवी जागचा हलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. वाटेने नजरेला हाताशी धरून नेलं आहे, आणि आपण वाचणारेही तिच्या मागोमाग काठापर्यंत पोचलो आहोत. वस्तू ज्या क्रमाने समोर आल्या त्याच क्रमाने त्या कवितेत आल्या. त्या क्रमात कवीने स्वतःचं दुःख किंवा सुख मध्ये घातलं नाही. भावनेचा म्हणता येईल असा एकच शब्द आहे, ‘गोड’. तोही पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला लावलेला.

शाळेत या कवितेवर ठरलेला प्रश्न असायचा : औदुंबर कशाचं प्रतीक आहे? उत्तरंही ठरलेली. ध्यानस्थ योगी, जगापासून अलिप्त झालेला जीव, कुणी म्हणे मृत्यू. समीक्षकांनीही या झाडावर पानंच्या पानं लिहिली आहेत. ते अर्थ चूक आहेत असं मी म्हणणार नाही. एवढी कमी बोलणारी कविता असे अर्थ ओढून घेणारच. मला खुपते ती घाई. झाड पुरतं दिसायच्या आत त्याच्याकडून अर्थ मागायचा, ही घाई. बाहेरच्या जगातली एखादी वस्तू तिच्या जागी, तिच्या रंगासकट थोडा वेळ उभी राहू देणं हे मराठी कवितेला सहजासहजी जमलेलं नाही. गेल्या शंभरेक वर्षांतल्या आपल्या चांगल्या कवींनी खूप कष्टाने मिळवलेली गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं.

याच बालकवींच्या ‘फुलराणी’मध्ये निसर्ग माणसांसारखं लग्न लावून दाखवतो. ती कविता मला प्रिय आहे, पण तिथली हिरवळ आणि तिथले किरण माणसाच्या मनासारखं वागायला तयार झालेले आहेत. ‘औदुंबर’मधलं झाड तसं तयार झालेलं नाही. एकाच माणसाच्या हातून दोन्ही प्रकारचं बघणं झालं, तेही तीस वर्षांच्या आतल्या आयुष्यात. १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा त्यांचं वय २७ होतं. आमच्या गावाकडे जाणारी गाडी जळगाव सोडून भुसावळकडे निघाली की ते छोटं स्टेशन लागतं. गाडी तिथे हळू झाली तर मी खिडकीतून बघत राहतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रूळ, सिग्नलचे खांब.

तेव्हा वस्तू तिच्या जागी उभी राहू देणारी ही ‘आधुनिक’ नजर अमुक साली सुरू झाली, असं काही मला सांगता येत नाही. तरी एक मोठं वळण सगळेच मानतात, ते बा. सी. मर्ढेकरांचं. त्यांचं ‘काही कविता’ हे पुस्तक १९४७ साली आलं. त्यांच्या कवितेतले पिंपात मेलेले ओले उंदीर त्याच्याआधीपासूनच मराठी वाचकांच्या पचनी पडत नव्हते. पुस्तकावर अश्लीलतेचा खटलाही झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. मर्ढेकर म्हटलं की उंदीर, वीजगाडी, गणपत वाणी आणि यंत्रयुगाची शिसारी, असं एक चित्र आपण बनवून ठेवलं आहे. मला मात्र बाहेरच्या जगाबद्दल त्यांच्या ज्या कवितेने सगळ्यात जास्त शिकवलं तिच्यात शिसारी नाहीच. ती मुंबईच्या एका सकाळीची कविता आहे.

‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने बंदर मुंबापुरिचे उजळित येई माघामधली प्रभात सुंदर.’ वाचताना पहिल्यांदा थांबायला होतं ते अर्थातच त्या गर्भवतीपाशी. पण पुढे काय काय येतं ते सावकाश बघावं. घरं काळोखाच्या उशीवरून अलगद डोकी उचलतात. गवळी पिवळे हंडे भरून मान मोडून कावड नेतात. झाडं न्याहारीला काळा वायू घेतात. लाटालाटांमधून सागरपक्षी सूर्य वेचतात : सूर्य एक, पण प्रत्येक लाटेवर त्याचा एकेक तुकडा पडलेला, आणि पक्षी ते दाण्यांसारखे टिपताहेत. धक्क्यावर परदेशी बोटी अजून साखरझोपेत. मग वास येतात. धुराचा जळका परिमल. गरम चहाच्या पत्तीचा गंध. आणि डांबरी रस्त्यावरच्या भुऱ्या शांततेचा निशिगंध.

धुराला परिमल आणि डांबराच्या रस्त्याला निशिगंध! उपहासाचा सूर लावून हे सहज लिहिता आलं असतं, कारण मर्ढेकरांकडे उपहास भरपूर होता. इथे तो नाही. पहाटे रिकाम्या डांबरी रस्त्याला खरोखरच एक थंड, किंचित गोडसर वास असतो. ज्याने तो घेतला आहे त्याला या ओळीचा खरेपणा वेगळा पटवून द्यावा लागत नाही. मर्ढेकरांनी आपल्या काव्यविचारात ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी कल्पना मांडली होती : दोन गोष्टी दिसायला वेगळ्या असोत, त्यांनी मनात उठवलेली भावना एकाच जातीची असेल तर कवितेत त्या एकमेकींपाशी येऊ शकतात. ही कल्पना पुस्तकात वाचताना मला बरीच अवघड वाटली होती. निशिगंधापाशी ती एकदम उलगडली. फूल आणि डांबर यांच्यात उच्चनीच लावायचं कारणच उरलं नाही. शहर हे निसर्गाच्या विरुद्ध उभं आहे, ही समजूत त्या एका ओळीत गळून पडते. सृष्टी या शब्दात बोटी, धूर, चहा सगळं आलं.

एका माघात मी भल्या पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. तिथे तेव्हा साखरझोपेत कुणीच नव्हतं. होड्या लागलेल्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, पाट्या डोक्यावरून पळत होत्या, कोळणींचा लिलाव तारस्वरात चाललेला. कवितेत अजस्र धांदल सृष्टीच्या निवांत पोटी ‘लपलेली’ आहे, अजून जन्माला यायची आहे. धक्क्यावरच्या माणसांसाठी ती मध्यरात्रीच जन्मलेली होती. परत येताना कवितेतली एकच जागा डोक्यात घोळत राहिली : ‘मान मोडुनी’. त्या सबंध सुंदर सकाळीत कामाला लागलेली माणसं फक्त गवळी आहेत आणि त्यांची मान मोडलेली आहे. कवीच्या डोळ्यांनी ते टिपलं, पण तो तिथे थांबला नाही. पुढे गेला, कारण त्याला सबंध बंदर बघायचं होतं.

इथे बहिणाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा, बालकवींचा धरणगावचा, बहिणाबाईंचा असोद्याचा. तिन्ही गावं एकाच जळगाव जिल्ह्यातली. मी त्या मुलखातला असल्यामुळे याचं मला अप्रूप आहे. बहिणाबाईंचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आलं, म्हणजे मर्ढेकरांच्या ‘आणखी काही कविता’नंतर वर्षभरात. ‘धरत्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली, व्हऱ्हे पसरली माती जशी शाल पांघरली.’ इथे बी झोपलेलं, तिथे बंदरावर घरं उशीवरून डोकं उचलताहेत. एक शेतकरीण, एक महानगरातला अधिकारी, आणि निर्जीव म्हटल्या जाणाऱ्या वस्तूंना झोप देण्याची दोघांची रीत किती जवळची! फरक आहे तो बघण्याच्या उंचीचा. बहिणाबाई मातीशी वाकलेल्या आहेत. कोंब वर आल्यावर शेताच्या अंगावर शहारे आल्याचं त्या सांगतात, ते बांधावरून जाणाऱ्याला दिसलं नसतं. आपल्याकडे एकीला ‘लोककवयित्री’ आणि दुसऱ्याला ‘नवकवितेचा प्रवर्तक’ म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

बाहेरचं जग घराच्या आतून कसं दिसतं, हे मला इंदिरा संतांनी दाखवलं. ‘नको नको रे पावसा असा धिंगाणा अवेळी, घर माझे चंद्रमौळी आणि दारात सायली.’ ही कविता बहुतेकांना विरहाची कविता म्हणून माहीत आहे, आणि शेवटाकडे ती तशी होतेच. पण तिची सुरुवात किती व्यवहाराची आहे! ती बाई पावसाशी हुज्जत घालते आहे. कौलांवरून तडातडा नाचू नकोस. तांबे, सतेली, पातेली, इतकी भांडी मी आणू कुठून? नेसूचं जुनेर भिजवू नकोस. पाऊस इथे आकाशातून पडणारं काही सुंदर नाही. तो घरात शिरणारा, मोजून मापून तोंड द्यावा असा पाहुणा आहे. भांडी किती आणि गळती किती, हा हिशेब आहे.

आमचं घर धाब्याचं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी बैलगाडीतून खारी माती आणून धाब्यावर पसरायची, तरी एखादा जोराचा पाऊस आला की कुठून ना कुठून पाणी धरायचंच. आजी रात्री अंधारात उठून भांडी मांडायची. परातीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज वेगळा, तपेल्यातला वेगळा, आणि भांडं भरत आलं की तोच आवाज बदलायचा. आजीला झोपेतही कळायचं कुठलं भांडं भरलं ते. पावसावरच्या आपल्या भाषेतल्या असंख्य कवितांत हा आवाज मला फार कमी ऐकू आला. इंदिराबाईंच्या कवितेत तांबे, सतेली, पातेली ही नुसती यादी आली आणि तो सगळा घोळका कानात वाजला. त्या बाईला पाऊस बघायला बाहेर जाऊन उभं राहण्याची सोय नाही. ती जिथे आहे तिथूनच तिला जेवढा दिसतो तेवढाच पाऊस कवितेत आहे, आणि म्हणून तो पुरेपूर आहे.

नारायण सुर्व्यांकडे आलं की जगाचे दोन भाग गिरणीचं फाटक करतं. ‘रोजीचा रोटीचा सवाल रोजचाच आहे, कधी फाटकाबाहेर कधी फाटकाआत आहे.’ अंतर्मन आणि बाह्यजग अशी विभागणी आपण लिखाणात सहज करतो. गिरणगावातल्या माणसासाठी आत आणि बाहेर ठरवणारी वस्तू लोखंडाची होती आणि ती उघडायची की बंद ठेवायची हे त्याच्या हातात नव्हतं.

आता पुन्हा त्या डोहाकडे जाऊ या. हा विचार मला बराच काळ अस्वस्थ करतो आहे. चार घरांचं गाव, हिरवे मळे, गोड काळिमा पसरलेलं पाणी. बालकवी गेल्यानंतर नवव्या वर्षी, २० मार्च १९२७ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणजे ज्या काळात ती पायवाट काळ्या डोहाकडे निघाली होती त्या काळात गावातल्या काही माणसांना पाण्याकडे जाणारी वाट मोकळी नव्हती. हा बालकवींवरचा आरोप नाही. त्या कवितेत माणूसच नाही, कुणाला आत घेणं-न घेणं तिथे घडतच नाही. तरीही हे कळल्यावर मला ती कविता पूर्वीसारखी वाचता येत नाही, आणि पूर्वीसारखी वाचता येऊ नये असंच वाटतं. पाणी निळंसावळं दिसायला आधी त्याच्या काठावर निवांत उभं राहता यावं लागतं.

दया पवारांची धरणावरची कविता पाण्याच्या दुसऱ्या काठावरून आली. ‘बाई मी धरण धरण बांधिते, माझं मरण मरण कांडिते.’ धरण ही स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातली केवढी बघण्यासारखी वस्तू! शाळांच्या सहली तिथे जायच्या. या कवितेत ते बघितलेलं नाही, डोक्यावर वाहिलेलं आहे. चाल जात्यावरच्या ओवीच्या वळणाची, पण पिठाच्या जागी मरण. पाणी ज्यांच्या मळ्यात जाणार ते वेगळे आणि दगड उचलणारे वेगळे, हे सांगायला त्या बाईला वेगळं भाषण करावं लागत नाही.

आणि नामदेव ढसाळ. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतून आलेलं त्यांचं ‘गोलपिठा’ १९७२ साली आलं. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती बघायला हिंडले होते. कवितेतल्या कित्येक शब्दांचे अर्थ त्यांना कवीलाच विचारावे लागले. मराठीतला एवढा मोठा नाटककार, मुंबईत हयात गेलेला, आणि त्याच मुंबईच्या मधोमध बोलल्या जाणाऱ्या मराठीपाशी तो थबकला. ढसाळांच्या कवितेत बाहेरचं जग वर्णनासाठी समोर मांडलेलं नसतं. वस्तीची बोलीच कवितेची बोली होऊन आत घुसते, आणि वाचणारा बाहेरचा ठरतो. ‘सूर्याकडे पाठ फिरवून त्यांनी शतकांचा प्रवास केला’, असं त्यांनी लिहिलं. मर्ढेकरांच्या लाटांवरून पक्षी वेचत होते तोच हा सूर्य. एका कवितेत तो घोटभर हिवाळ्याबरोबर सगळ्यांना मिळतो, दुसरीत तो शतकानुशतकं काही लोकांच्या वाट्यालाच आलेला नाही. मला दोन्ही ओळी हव्या आहेत. एकीने दुसरी खोटी ठरत नाही, पण ढसाळ वाचल्यानंतर मर्ढेकरांची सकाळ कुणाकुणाची आहे हे विचारावंसं वाटतं, आणि मग त्या मान मोडून चाललेल्या गवळ्यावर डोळे जास्त वेळ रेंगाळतात.

अरुण कोलटकरांनी बघण्याच्या जागेची फार मोठी कविता केली. फोर्टमधल्या काळा घोडा चौकातल्या ‘वेसाइड इन’ या हॉटेलात ते वर्षानुवर्षं जाऊन बसत. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला होता. राजा गेला, घोडा गेला, नाव राहिलं. त्या रिकाम्या जागेत कोलटकरांना जे दिसलं ते त्यांच्या ‘काला घोडा पोएम्स’ या २००४च्या इंग्रजी पुस्तकात आहे : वाहतूक बेटावर पहुडलेला कुत्रा, त्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे मुंबईच्या सात बेटांचा जुना नकाशा, फुटपाथवर इडल्या वाटणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारं भुकेलं गाव, कचऱ्यावर पाय देऊन तो दाबणारी सफाई कामगार मीरा. ज्या जागी बादशहा होता तिथे आता ही माणसं नाश्ता करताहेत, आणि कवी ते इतक्या तपशिलाने बघतो की त्या नाश्त्याला दरबाराची भव्यता येते.

त्यांच्या ‘जेजुरी’त एक अगदी छोटी कविता आहे. देवळाच्या दारात उंबरठा वाटला तो उंबरठा नाही, आडवा पडलेला खांब आहे. संपली कविता. आणखी एकीत देऊळ समजून उघड्या दारातून आत डोकावलं तर आतून एक वासरू डोळे मोठे करून बघतं. तो गोठा निघतो. या कवितांवर कोरडेपणाचा आरोप होतो. श्रद्धा नाही, नुसती नजर आहे, असं काही वाचक अजूनही म्हणतात. मला तसं वाटत नाही. जेजुरीला दर वर्षी लाखो लोक त्या पायऱ्या चढतात, भंडारा उधळतात, आणि तो खांब त्यांच्या पायाखालून जातो. एका माणसाने वाकून त्याची चौकशी केली. यात प्रेम नसतं तर तो तिथे थांबला कशाला असता?

तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. कोलटकरांचं टेबल आणि ढसाळांची वस्ती यांच्यात अंतर फार तर चार-पाच किलोमीटरचं. एकाला फुटपाथ काचेतून दिसला, दुसरा त्या जगात वाढला आणि टॅक्सी चालवत त्याच रस्त्यांवरून फिरला. टेबलावरून दिसलेल्या जगात दया आहे, आश्चर्य आहे, भाषेचा अपार आनंद आहे. खालून आलेल्या कवितेत संताप आणि भूक यांनी वाक्यंच मोडून टाकली आहेत. कोलटकर आपण टेबलावर आहोत हे लपवत नाहीत, मीराच्या जागेवर जाऊन बसत नाहीत, तिच्या वतीने रडत नाहीत. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या सगळ्या प्रतिमांपेक्षा मोठा वाटतो.

१९९०नंतरच्या कवितेत बाहेरचं जग भरभरून आलं. मॉल, होर्डिंग, मोबाइल, ब्रँडची नावं, चॅनेल. अरुण काळे यांच्या ‘नंतर आलेले लोक’सारखं पुस्तक सोडलं, जिथे जागतिकीकरणाकडे बघणारा माणूस कोण आहे आणि त्याच्या मागे काय इतिहास आहे हे प्रत्येक ओळीला ठाऊक आहे, तर बाकी बऱ्याच कवितांत मला नुसत्या याद्या भेटल्या. इंदिराबाईंचीही यादीच होती, तीन भांड्यांची. पण त्या तिन्हींत पाणी पडत होतं.

मुंबईचा किनारी रस्ता २०२४पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यावरून जाताना गाडीतली माणसं समुद्राचे फोटो काढतात, मीही काढले आहेत. हा रस्ता बांधला जात असताना वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी एका मापासाठी मोठं आंदोलन केलं होतं : पुलाच्या खांबांमधून त्यांच्या होड्या जायच्या होत्या आणि आखलेलं ६० मीटरचं अंतर लाटा-वाऱ्यात अपुरं होतं. शेवटी ते १२० मीटर करायचं ठरलं. वरून बघताना ते खांब दिसतही नाहीत. होडीतल्या माणसाला आधी तेच दिसतात, पाण्याची ओढ कुठल्या बाजूला आहे ते दिसतं, आणि मग समुद्र. त्या होडीतून, त्या खांबांच्या मधून जाताना लिहिलेली मराठी कविता मी अजून वाचलेली नाही. ती लिहिली गेली असेल तर कुणीतरी मला जरूर कळवा. लिहिणारा किंवा लिहिणारी कोळीवाड्यातलीच असेल तर फारच उत्तम.